अमेरिकन कॉलेजचे खेळाडू, कागदी क्लास आणि निस्तरायचं कोणी

नमस्कार. आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांची पंचाईत नको. पुण्याच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगी सतरा वर्षांची, टेनिस खेळते, अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून स्कॉलरशिपची ऑफर आलीये, तिला बायोटेक करायचंय. त्यांचे मेहुणे म्हणतात "काळजी कशाला करता, तिथे खेळाडूंचा अभ्यास दुसरेच करतात". आणि यांनी नेमकं त्याच आठवड्यात नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या भानगडीबद्दल वाचलं आणि झोप उडाली. तर हे अजून चालतं का, आणि पकडलं गेलं तर निस्तरायचं कोणी, पोरीने की कॉलेजने?

मी मूळची नाशिकची, तिथे ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचे, लग्नानंतर इकडे अमेरिकेत आले. गेली चौदा वर्षं इथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये खेळाडूंच्या अभ्यासाचं बघते. आधी ट्यूटर होते, मग लर्निंग स्पेशालिस्ट, आता ॲडव्हायझर. युनिव्हर्सिटीचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका, अजून पगार तिथूनच येतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मेहुण्यांचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण इथलेही बरेच लोक मनात तसाच हिशोब करतात. खेळाडू मस्त खेळतोय, पेपर कोणीतरी लिहून देतंय, डिग्री मिळतेय, मग नुकसान कोणाचं? आता जरा उलटं बघा. तुमची मुलगी तिथे फुकट जाणार नाहीये, ती तिचा खेळ विकणार आहे. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तास प्रॅक्टिस, प्रत्यक्षात प्रवास, फिजिओ, व्हिडिओ बघणं धरून बरेच जास्त, चार वर्षं. त्याच्या बदल्यात तिला जे मिळणार ते म्हणजे शिक्षण. तेच जर खोटं निघालं तर तिला पगार खोट्या नोटांमध्ये दिल्यासारखं झालं ना, आणि वर पोलीस आले तर नोटा तिच्याच खिशात सापडणार. त्यामुळे "अभ्यास दुसरे करतात" ही सोय नाहीये, ती पोरीची फसवणूक आहे, एवढं आधी डोक्यात पक्कं करा मग पुढचं वाचा.

आता नॉर्थ कॅरोलायनाचं. तुम्ही बहुतेक मथळा वाचलाय, आतली गंमत वेगळी आहे. चॅपल हिलच्या या युनिव्हर्सिटीत आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन स्टडीज नावाचा विभाग होता. तिथे १९९३ ते २०११, म्हणजे तब्बल १८ वर्षं असे कोर्स चालले ज्यांना लोक 'पेपर क्लास' म्हणायचे. वर्ग भरायचा नाही, प्राध्यापक भेटायचे नाहीत, सेमिस्टरच्या शेवटी एक पेपर द्यायचा की झालं. तो पेपर तपासायच्या कोण, तर विभागाच्या ऑफिसमधल्या बाई, डेबोरा क्राउडर, ज्या प्राध्यापक नव्हत्याच. पेपरात काय लिहिलंय याच्याशी फारसा संबंध न ठेवता ए नाहीतर बी. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो यांनी हे चालू दिलं आणि क्राउडर २००९ मध्ये रिटायर झाल्यावर असे आणखी काही क्लास स्वतः चालवले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये केनेथ वेनस्टीन या माजी सरकारी वकिलांचा चौकशी अहवाल आला, त्यात आकडा निघाला ३,१०० पेक्षा जास्त विद्यार्थी. त्या क्लासमधल्या एकूण नोंदण्यांपैकी जवळजवळ निम्म्या, ४७ टक्क्यांच्या वर, खेळाडूंच्या. आणि एकूण विद्यार्थ्यांमध्ये खेळाडू किती असतील, तर चारेक टक्के!

हे बाहेर कसं आलं तेही बघण्यासारखं आहे. आधी २०१० मध्ये फुटबॉल टीमची वेगळ्याच कारणाने चौकशी लागली होती, एजंटांकडून घेतलेल्या भेटी वगैरे, आणि त्यात एका ट्यूटरचं नाव आलं. मग एका खेळाडूने आपल्यावरच्या बंदीविरुद्ध कोर्टात केस टाकली, त्यात पुरावा म्हणून त्याचा स्वाहिली कोर्सचा पेपर जोडला गेला, आणि शेजारच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटीच्या फॅन लोकांनी बसून शोधून काढलं की त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद जुन्या पुस्तकांमधून उचललेत. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या समितीला जे दिसलं नाही ते हरलेल्या टीमच्या फॅनना दिसलं, त्यांच्याइतका कसून पेपर तपासणारा परीक्षक मिळणं कठीण आहे. मग तिथल्या न्यूज अँड ऑब्झर्व्हर पेपरच्या डॅन केन या पत्रकाराने पाठ सोडली नाही. त्याच्या हाती एका फुटबॉल खेळाडूची मार्कशीट लागली, त्यात पोरगं फ्रेशमन म्हणून रीतसर पहिलं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, वरच्या लेव्हलच्या कोर्समध्ये बी प्लस घेऊन बसलेलं. म्हणजे अकरावीला ॲडमिशन घेण्याआधी एमएच्या पेपरात फर्स्ट क्लास म्हणा ना.

मी या क्षेत्रात असल्यामुळे मला त्या अहवालातलं सगळ्यात बोचलेलं पान वेगळं आहे. क्राउडर बाई रिटायर होणार म्हटल्यावर खेळाडूंच्या अभ्यासाचं बघणाऱ्या स्टाफची, म्हणजे माझ्यासारख्याच लोकांची, धांदल उडाली. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी फुटबॉलच्या कोचेसना एक प्रेझेंटेशन दिलं, त्यात स्लाइडवर सरळ लिहिलं होतं की आपण पोरांना अशा क्लासला घालायचो जिथे जावं लागत नव्हतं, नोट्स काढाव्या लागत नव्हत्या, जागंसुद्धा राहावं लागत नव्हतं, आणि असे क्लास आता उरले नाहीत. त्या सेमिस्टरला टीमचा सरासरी जीपीए (४ पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) २.१२१ वर आला, दहा वर्षांतला सगळ्यात कमी. विचार करा, हे कोणी चोरून कुजबुजत बोलत नव्हतं, स्लाइड करून मीटिंगमध्ये दाखवलं जात होतं. चुकीचं काम इतकं अंगवळणी पडतं की त्याचं पॉवरपॉइंट होतं.

आणि गंमत म्हणजे यातले लोक सिनेमातल्यासारखे खलनायक नव्हते. अहवालाप्रमाणे क्राउडर बाईंना स्वतःला विद्यार्थी असताना कोणी आधार दिला नव्हता म्हणून त्यांना धडपडणाऱ्या पोरांची कणव होती (बास्केटबॉलचं वेडही होतं, टीम हरली की बाईंना दुसऱ्या दिवशी कामावर येववत नसे म्हणतात). न्यांगोरोंचे सुरुवातीच्या काळातले दोन खेळाडू विद्यार्थी मार्कांमुळे खेळातून बाहेर पडले, त्यातला एक मारला गेला आणि एक तुरुंगात गेला, तेव्हापासून त्यांनी पोरांना सांभाळून घ्यायचं ठरवलं. दया हेच कारण. मला विचाराल तर माझ्या कामातली सगळ्यात धोक्याची भावना दयाच आहे, लालूच नाही. लालूच ओळखता येते. दया आली की माणूस स्वतःला चांगला समजत चूक करतो आणि समोरच्या पोराला "तुला हे जमणारच नाही" असं न बोलता सांगून टाकतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जबाबदार कोण. इथे घोडं पेंड खातं. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी संस्था एनसीएए. तिने बरीच वर्षं लावून १३ ऑक्टोबर २०१७ ला निकाल दिला, आणि युनिव्हर्सिटीला शिक्षा काहीही नाही! कारण ऐका. ते क्लास फक्त खेळाडूंसाठी नव्हते, बाकीच्या विद्यार्थ्यांनाही खुले होते, त्यामुळे ही खेळाडूंना दिलेली खास सवलत ठरत नाही. आणि क्लासचा दर्जा चांगला की वाईट हे ठरवणं युनिव्हर्सिटीचं काम, एनसीएएचं नाही. युनिव्हर्सिटीनेही हेच धरून ठेवलं होतं की आमच्या नियमात बसत होतं. त्याआधी अक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजला मान्यता, देणाऱ्या संस्थेपुढे त्यांनीच हा 'अकॅडमिक फ्रॉड' असल्याचं मान्य केलं होतं, ते एनसीएएच्या सुनावणीत लिहिण्यातली चूक ठरलं. समितीने निकालात या पलटीवर अविश्वास दाखवला पण नियमाच्या भाषेपुढे हात टेकले. न्यांगोरोंवर तेवढी पाच वर्षांची बंधनं आली, तीही चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून. आणि हा निकाल यायच्या सहा महिने आधी त्यांच्या बास्केटबॉल टीमने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं, ते जिथल्या तिथे राहिलं.

म्हणजे अक्रेडिटेशनवाले म्हणाले एक वर्ष प्रोबेशन (ते २०१५ ला दिलं आणि २०१६ ला संपलं), एनसीएए म्हणाली हा अभ्यासाचा मामला, आणि त्याआधी २०१२ ला माजी गव्हर्नर जिम मार्टिन यांच्या अहवालानेही हा खेळाचा नाही, शिक्षणाचा घोटाळा आहे असंच म्हटलं होतं. चेंडू इकडून तिकडे. दोन माजी खेळाडूंनी २०१५ मध्ये कोर्टात विचारलं की आम्हाला शिक्षणाचं वचन दिलं होतं त्याचं काय, तेव्हा एनसीएएच्या वकिलांनी मांडलं की सदस्य कॉलेजांमधल्या कोर्सच्या दर्जाची हमी घेण्याची कायदेशीर जबाबदारी आमच्यावर नाही. जाहिराती मात्र वर्षभर 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणून.

आता याच्या शेजारी दुसऱ्या दोन केस ठेवा. नोत्र दाम युनिव्हर्सिटीत फुटबॉल टीमसोबत ट्रेनरचं काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन खेळाडूंचं कॉलेजचं काम करून दिलं आणि आणखी काहींना नको तेवढी मदत केली. युनिव्हर्सिटीने स्वतः शोधलं, स्वतः चौकशी केली, आपल्या ऑनर कोडप्रमाणे जुने मार्क बदलले, आणि त्या बदललेल्या मार्कांमुळेच मागाहून ते खेळाडू अपात्र ठरले, मग एनसीएएने २०१२ आणि २०१३ चे मिळून २१ विजय रेकॉर्डमधून काढून टाकले. मिसूरीत एक ट्यूटर २०१६ मध्ये स्वतःहून पुढे आली की मी १२ खेळाडूंचं काम करून दिलंय, युनिव्हर्सिटीने कबूल केलं, सहकार्य केलं, आणि २०१९ च्या जानेवारीत फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल तिन्ही टीमना एकेक वर्ष पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या मोठ्या स्पर्धांची, बंदी. त्यात खेळणारी बहुतेक पोरं त्या प्रकरणात नव्हतीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शहाण्या वकिलाने यातून काय धडा घ्यावा हे सांगायला नको: कबूल केलं तर मेलात, "आमच्या नियमात बसतं" म्हणालात तर वाचलात.

आणि जी माणसं आतून ओरडतात त्यांचं काय होतं? चॅपल हिलमध्ये मेरी विलिंगहॅम नावाच्या लर्निंग स्पेशालिस्ट होत्या, माझ्याच कामातल्या. त्यांनी उघडपणे सांगितलं की यातल्या काही पोरांना शाळकरी मुलांइतकंच वाचता येतं. त्यांच्या आकड्यांवरून युनिव्हर्सिटीने मोठा वाद घातला, तो वाद खरा असेल नसेल, पण त्या २०१४ ला नोकरी सोडून गेल्या आणि पुढच्या वर्षी ३,३५,००० डॉलरवर कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्याच्याही आधी जॉर्जिया युनिव्हर्सिटीत जॅन केम्प या शिक्षिकेने नापास फुटबॉल खेळाडूंना वर ढकलण्याला विरोध केला, नोकरी गेली, आणि १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांना पंचवीस लाख डॉलरच्या वर भरपाई दिली, पुढे ती कमी झाली पण नोकरी परत मिळाली. म्हणजे शिक्षा करण्यात एनसीएएपेक्षा कोर्ट बरं निघालं. मिनेसोटाची भानगडही पेपरवाल्यांनीच काढली, १९९९ च्या मार्चमध्ये, टीमची राष्ट्रीय स्पर्धेतली मॅच दुसऱ्या दिवशी आणि आज पहिल्या पानावर बातमी की ऑफिसमधल्या एका बाईंनी बास्केटबॉल खेळाडूंसाठी चारशेच्या वर असाइनमेंट लिहिल्या. फॅननी कोणाला शिव्या घातल्या असतील? पेपरला.

बरं, हे सगळं का होतं हे समजल्याशिवाय तुम्हाला ऑफर तपासता येणार नाही, म्हणून जरा कंटाळवाणा भाग. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, खेळायला पात्र राहायचं तर खेळाडूला दर सेमिस्टरला ठराविक क्रेडिट आणि ठराविक जीपीए लागतो. शिवाय तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या डिग्रीचे ४० टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के, पाचव्या वर्षापर्यंत गेली तर ८० टक्के क्रेडिट पूर्ण असावे लागतात. शिवाय पूर्ण टीमचा एक स्कोअर असतो, एपीआर म्हणतात, १,००० पैकी, ९३० च्या खाली गेला तर टीमला पोस्टसीझन नाही. हेतू चांगला, की पोरांनी डिग्री पूर्ण करावी. पण झालं काय, ४०-६०-८० हे 'त्याच' डिग्रीचे मोजतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पोरगी म्हणाली मला मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) बदलायचाय, तर आधीचे अर्धे क्रेडिट नव्या डिग्रीला लागू होत नाहीत, टक्केवारी पडते, खेळता येत नाही. बाकीचे विद्यार्थी दोनदा मेजर बदलतात आणि कोणाला फरक पडत नाही. मग माझ्यासारख्या ॲडव्हायझरला सोपं काय? पहिल्याच दिवशी असा मेजर सुचवायचा ज्यात सगळं काही बसतं, प्रॅक्टिसच्या वेळेत लॅब नाही, गणित नाही. अर्धी टीम एकाच मेजरला दिसली तर समजा की हे झालंय. यात कॉपी नाही, पेपर कोणी लिहून देत नाही, एकही नियम मोडत नाही.

आणि हे मी स्वतः केलंय. सांगायला लाज वाटते पण सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक व्हॉलीबॉलची मुलगी होती, तिला नर्सिंग करायचं होतं. नर्सिंगचे क्लिनिकल पहाटे, वेट ट्रेनिंगही पहाटे. कोच म्हणाले बसवून बघा, मी दोन दिवस वेळापत्रकाशी खेळले आणि तिला समजावलं की आत्ता जनरल टाइपची डिग्री कर, नर्सिंग नंतरही करता येईल. कोचना एकदाही "वेट ट्रेनिंगची वेळ बदला" म्हणाले नाही, डोक्यातच आलं नाही! ती छान पास झाली, आमच्या ग्रॅज्युएशन रेटमध्ये तिची भर पडली, फोटोत मी तिच्या शेजारी आहे. नंतर तिने कर्ज काढून दुसऱ्या कॉलेजला परत पहिल्यापासून नर्सिंग केलं. तिचा ईमेल आला होता, चिडलेला नव्हता, त्यात फक्त विचारलं होतं की तेव्हा कोणी कोचशी बोलायला हवं होतं ना? पेपर क्लासच्या बातम्या वाचताना मला तीच आठवते. तिचा घोटाळा कुठल्याच यादीत येणार नाही.

दुसरा अनुभव खऱ्याखुऱ्या कॉपीचा. आमच्याकडचा नियम साधा आहे, ट्यूटरने कीबोर्डला हात लावायचा नाही, पेन खेळाडूच्याच हातात राहिलं पाहिजे. तरी एका सेमिस्टरला, अकरावा आठवडा असेल, एका मुलाच्या पेपरात 'नॉटविथस्टँडिंग' असा शब्द दिसला. तो मुलगा माझ्याशी रोज बोलायचा, हा शब्द त्याचा नव्हता. मी म्हटलं याचा अर्थ सांग, तो हसायला लागला, म्हणाला तुम्हीच सांगा. चौकशीत निघालं की पीएचडी करणाऱ्या ट्यूटरने तीन परिच्छेद 'दुरुस्त' केले होते. मी रिपोर्ट केलं. ट्यूटरची नोकरी गेली, मुलाला त्या कोर्सला एफ (नापास) मिळाला आणि पुढचा सीझन बाहेर बसला. कोच दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझ्या साहेबांनी एवढंच विचारलं, "आधी माझ्याकडे का नाही आलीस?" त्या वाक्यात सगळं आलं. आणि माझी चूक? एकाच ट्यूटरकडे एकाच कोर्सची पाच पोरं मीच दिली होती, डेडलाइन एकाच आठवड्यात, तो बिचारा माणूस रात्री अकराला काय करणार होता. शिक्षा मात्र त्या दोघांना झाली, मला नाही.

म्हणून "अजून चालतं का" याचं उत्तर: १८ वर्षांचा कारखाना चालवणं आता अवघड आहे. वर्ग भरतो का हे बघितलं जातं, आमच्याकडे खेळाडू वर्गात आलेत का हे तपासायला माणसं दारात उभी असतात, प्राध्यापकाच्या नावावर वर्षाला तीनशे इंडिपेंडंट स्टडी (वर्गाशिवाय एकट्याने करायचे कोर्स) असल्या तर रजिस्ट्रार विचारतो (चॅपल हिलमध्ये एका डीनच्या लक्षात आलं होतं, त्यांनी आकडा कमी करा म्हटलं, एवढंच). एनसीएएने २०१६ पासून नियमही बदलले, पण मुळात गैरप्रकार झाला की नाही हे युनिव्हर्सिटीने आपल्या धोरणाप्रमाणे ठरवायचं हा गाभा राहिलाच. २०१८ ला कॉन्डोलिझा राइस यांच्या समितीने बास्केटबॉलवरच्या अहवालात सांगितलं होतं की असल्या फ्रॉडवर एनसीएएला अधिकार हवा, पण आपल्या क्लासरूममध्ये बाहेरच्याने डोकावावं असं कुठल्या युनिव्हर्सिटीला वाटेल? आणि किरकोळ कॉपी तर आता चॅटजीपीटीने इतकी स्वस्त केलीये की ऑफिसातल्या बाईंची गरजच उरली नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत बरंच काही कॉलेज कोणतं, डिव्हिजन कोणती, कोच कोण यावर अवलंबून आहे, आणि ऑफर न बघता मी छातीठोक काही सांगणार नाही. साधारणपणे मुलींच्या टेनिस टीमचे मार्क उत्तम असतात, मोठे घोटाळे जास्त करून पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये होतात कारण पैसा तिथे आहे. पण एक फरक नीट लक्षात घ्या, ती एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल. अमेरिकन खेळाडू कॉपीत सापडला आणि एक सेमिस्टर सस्पेंड झाला तर घरी जाऊन बसतो, पुढच्या वर्षी परत येतो. परदेशी विद्यार्थिनी सस्पेंड झाली की तिचं फुलटाइम शिक्षण थांबतं आणि मग व्हिसा स्टेटसच धोक्यात, देश सोडावा लागू शकतो. त्यामुळे "निस्तरायचं कोणी" याचं तुमच्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. पोरीने. कॉलेजकडे वकील असतात, कोच दुसरीकडे नोकरी धरतो, ट्यूटरचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. ट्रान्सक्रिप्ट तिच्या नावाचं असतं. तिला जाण्याआधीच सांगून ठेवा की कोणी 'मी बघतो तुझं' म्हणालं, अगदी टीममधल्या मैत्रिणीने फाइल पाठवली तरी, उघडायची नाही. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल एकमेकांत फिरतात आणि त्याला कोणी कॉपी म्हणतही नाही, ती सवय इथे फार महाग पडते. मी पाहिलेल्या परदेशी मुलांच्या केसेसमध्ये बऱ्याचदा हेच असतं, बदमाशी नसते.

आता कोचशी पुढचा कॉल होईल तेव्हा काय विचारायचं ते. रँकिंग, जिम, कोर्ट वगैरे ते स्वतःहून दाखवतील, ते राहू द्या. विचारा की गेल्या चार वर्षांत टीममधल्या किती मुलींनी लॅब असलेला सायन्स मेजर केला आणि त्यातल्या किती जणींनी तोच पूर्ण केला. नावं नकोत, आकडा द्या म्हणावं. बायोटेकच्या लॅब बहुतेक दुपारी असतात आणि टेनिसची प्रॅक्टिसही दुपारीच, तर लॅबच्या दिवशी ती उशिरा आली तर चालेल का, हे ईमेलवर लिहून मागा, फोनवर "वी विल वर्क विथ हर" म्हणतील, त्याचा अर्थ काहीही होतो. तिची ॲडव्हायझर कोणाला रिपोर्ट करते, ॲथलेटिक डायरेक्टरला की प्रोव्होस्टच्या (युनिव्हर्सिटीत शिक्षणाचा कारभार बघणारे मुख्य अधिकारी) ऑफिसला, हे विचारा. हा प्रश्न ऐकून कोच गडबडेल, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वरच्या प्रसंगात साहेबांचे साहेब ॲथलेटिक डायरेक्टर होते, आता तेवढं समजून घ्या. आणि स्कॉलरशिप एक वर्षाची आहे की चार, दुखापत झाली किंवा खेळ पडला तर राहते का, मेजर कठीण आहे म्हणून एखादं सेमिस्टर वाढलं तर ते पैसे कोण देणार, हेही कागदावर.

जमल्यास त्यांच्याकडून बायोटेकचा चार वर्षांचा सेमिस्टरवार प्लॅन मागवा, टेनिसचा सीझन धरून आखलेला, वसंतातल्या मॅचेस आणि प्रवासाचे दिवस सकट. चांगलं कॉलेज आठवड्याभरात पाठवतं. "आधी साइन करा मग बघू" म्हणाले तर मला तरी ते आवडणार नाही. प्लॅन आला की कॉलेजचं आणि मुलीचं नाव खोडून इथे टाका, लॅब कुठे आपटतायत ते मी शनिवारी बसून बघते. आणि मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा.